हाकेला ओ

प्रास्ताविक

'हाकेला ओ देणे' हा वाक्प्रचार तुम्ही अनेकदा ऐकला असेल. कोणी बोलावले की उत्तर द्यावे, गरज पडल्यास धावून जावे, असा त्याचा अर्थ. माणसाला हाक कळते, कारण त्याला भाषा येते. परंतु ज्या प्राण्याला आपली भाषा येत नाही आणि ज्याने माणसाच्या तोंडून आजवर हाकलून देणारे शब्दच ऐकले आहेत, त्याने आपल्या हाकेला ओ द्यावी, असे वाटत असेल तर काय करावे? रस्त्यावरून निवाऱ्यात आणि निवाऱ्यातून घरात आलेल्या एका कुत्रीला हाक ऐकण्यास कसे शिकवले, याची हकिकत लेखिकेने या पाठात सांगितली आहे. हे अनुभवकथन आहे आणि त्यात उपयुक्त माहितीही आहे. वाचताना या दोन गोष्टी कोठे एकमेकींत मिसळतात, त्याकडे लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला अनुभव आणि माहिती यांची सांगड घालणाऱ्या गद्याचे आकलन होईल. एखाद्या कृतीचा क्रम व त्यामागील कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. तसेच 'हाक' आणि 'हाड' यांसारख्या लहान शब्दांपासून तयार झालेले वाक्प्रचार वाक्यांत वापरता येतील.

मूळ पाठ

तांबी आमच्या घरी आली, तेव्हा तिला मराठीतला एकच शब्द येत होता. तो शब्द म्हणजे 'हाड'.

हा शब्द तिला कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. तो कानी पडला की पाठोपाठ दगड येतो, काठी येते, निदान पाय आपटल्याचा आवाज तरी येतो, एवढे तिला अनुभवाने पुरते ठाऊक झाले होते. आमची मुलगी एकदा सहज 'हाडे दुखतात' असे म्हणाली, तर पलंगाखाली झोपलेली तांबी दचकून उठली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो, असे आपण समजतो. तांबीच्या लेखी तो शब्दानंतर काय घडते, यात होता. हे तत्त्व मला तेव्हा उमगले असते, तर पुढचा अनर्थ टळला असता.

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात आम्ही तिला शहराबाहेरच्या एका निवाऱ्यातून नाशिकच्या आमच्या घरी आणले. वय दोन-अडीच वर्षे, अंग तांबूस, कान टोकदार, शेपूट पाठीवर वळलेली. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारी गावठी जात. डाव्या कानाच्या टोकाशी एक खाच होती. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली कुत्री ओळखता यावीत, म्हणून अशी खाच पाडतात. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम प्रथम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पण खाचेची खूण तीच राहिली. मला ती खाच पाहून बरे वाटले होते. तिचा दुसरा अर्थ पुढे लक्षात आला. ही खाच ज्या कानावर आहे, त्या कुत्रीला कधीतरी धावणाऱ्या माणसांनी जाळे टाकून पकडलेले असते.

बाराव्या दिवशी सकाळी दूधवाल्यासाठी दार उघडले आणि तांबी माझ्या पायांमधून निसटली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडल्या की मुंबई-आग्रा महामार्ग. मी, माझे यजमान आणि मुलगी असे तिघे तिच्यामागे धावलो. "तांबी, ये! ये इकडे! ये म्हणते ना!" प्रत्येक 'ये' सरशी ती वळून पाहत असे आणि अधिकच वेगाने पळत असे. महामार्गालगतच्या रस्त्यावर ती आली, तेव्हा पलीकडून मालमोटारी भरधाव जात होत्या. माझा आवाज फुटेना. तेथे चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ होते. ते म्हणाले, "ताई, पळू नका. तुम्ही पळता म्हणून ती पळते. बसा खाली, आणि तिच्याकडे बघू नका."

मी पदपथाच्या कडेला बसले. त्यांनी हातात एक पाव दिला. यजमान आणि मुलगी मागे थांबली. मी तांबीकडे पाठ करून पावाचे तुकडे आजूबाजूला टाकत राहिले. पाऊण तास गेला असावा. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब पाऊण तासाची प्रतीक्षा होती. मग कोपराला ओले नाक लागले. मी झडप घातली नाही. हनुवटीखालून हात नेऊन हलकेच गळपट्टा धरला. घरी येईपर्यंत आमच्यापैकी कोणीही एक शब्द बोलले नाही.

(पाठगत प्रश्न : तांबी पळत असताना घरातील माणसे जे करत होती, त्यांतील कोणत्या दोन गोष्टी तिच्या पूर्वायुष्यातील भीतीशी जुळणाऱ्या होत्या?)

त्या रात्री सासूबाईंनी विचारले, "तुम्ही तिला 'ये' कधी म्हणता, आठवा बरं." आम्ही आठवू लागलो. तिसऱ्या दिवशी 'ये' म्हटले ते आंघोळीसाठी. पाचव्या दिवशी 'ये' म्हटले ते गोचिडांचे औषध लावण्यासाठी. नंतर जंताची गोळी, नंतर पशुवैद्यांकडे जाण्यासाठी साखळी, रोज रात्री अंगणातला खेळ थांबवून दार लावणे. बारा दिवसांत आम्ही 'ये' हा शब्द 'हाड'च्या शेजारी नेऊन बसवला होता. तिच्या दृष्टीने आम्ही तिघे रस्त्यावर ओरडत होतो ते असे : आंघोळ! गोळी! साखळी!

बिघडलेला शब्द दुरुस्त करण्यापेक्षा नवा शब्द घेणे सोपे असते. आमच्या घरात तर आणखी एक अडचण होती. यजमान 'ये रे' म्हणत, मुलगी 'कम' म्हणे, मी 'इकडे ये', आणि शेजारी कौतुकाने 'यू यू' करत. एकाच गोष्टीसाठी चार शब्द. समानार्थी शब्दांचे वैभव परीक्षेत गुण मिळवून देते. कुत्र्याला मात्र ते गोंधळात टाकते. म्हणून सर्वांसाठी एकच शब्द ठरवायचा होता. मुलीने इंग्रजी शब्द सुचवले. सासूबाई म्हणाल्या, "तिला एक शब्द आधीच येतोय. तुमचं लक्ष नाही."

खरोखरच आमचे लक्ष नव्हते. रात्री पाने वाढली की सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून लांब सूर काढून 'जेवायलाऽऽ' अशी हाक घालत. त्यानंतर आम्ही येत असू, आणि आमच्या आधी तांबी येऊन त्यांच्या पाटाशेजारी बसत असे. कारण त्या तिच्यासाठी चतकोर पोळी काढून ठेवत. कोणीही न शिकवता ती हाक तिला कळली होती. तिचा अर्थ एकदाही खोटा ठरला नव्हता.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ मध्ये पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्नापूर्वी होणाऱ्या आवाजानेच लाळ सुटू लागे. आवाज आणि अन्न यांची जोडी पुनःपुन्हा जुळली की आवाजच अन्नाची सूचना बनतो. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दुसरी बाजू मांडली होती : ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती प्राणी पुन्हा करतो. सासूबाईंनी या दोघांची नावे ऐकलेली नाहीत. त्यांनी केलेले मात्र हेच होते.

तर 'जेवायला' हा शब्द ठरला. तो खरा राहावा, म्हणून घराला आपली भाषा बदलावी लागली. माणसांना बोलावण्यासाठी सासूबाई आता 'पानं वाढलीत' म्हणू लागल्या, कारण 'जेवायला' म्हटले आणि तांबीला काही मिळाले नाही, तर शब्दाची पत घसरली असती. नाव आणि हाक यांचेही आम्ही वेगळे काम ठरवले. 'तांबी' म्हणजे 'माझ्याकडे बघ'. 'जेवायला' म्हणजे 'जिथे असशील तिथून निघून माझ्यापाशी ये'. नाव दिवसातून पन्नास वेळा उच्चारले जाते, कधी कौतुकाने, कधी रागाने. तेच हाक म्हणून वापरले, तर ते लवकर बोथट होते.

शिकवणीला प्रारंभ केला तो घरातल्या घरात, दोन पावलांच्या अंतरावर. उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे करून मी डबीत ठेवत असे. तुकडा मोठा असण्याची गरज नसते. तो नेहमीच्या जेवणापेक्षा चविष्ट असला, म्हणजे झाले. मांस न करणाऱ्या घरी पनीर किंवा उकडलेले अंडे चालते. दिवसभरात दिलेले तुकडे तिच्या जेवणातून वजा करावेत, नाही तर हाक शिकता शिकता कुत्रे लठ्ठ होते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण मात्र कुत्र्यांना विषासमान आहेत. प्रेमाच्या भरातही ते देऊ नयेत.

ती मोकळी आहे, पण माझ्याकडे येण्याच्या बेतात आहे, असा क्षण पाहून मी एकदाच म्हणे, "जेवायला!" ती आली की तुकडा माझ्या पायांना लागून, खाली धरून देत असे. हात लांब करून दिला, तर कुत्रे हाताच्या अंतरावर थांबायला शिकते, आणि रस्त्यावर नेमके तेच अंतर नडते. तुकडा देताना दुसऱ्या हाताने गळपट्ट्याला स्पर्श करायचा, आणि लगेच सोडून द्यायचे. हा शेवटचा भाग मला प्रथम निरर्थक वाटला होता. जिला सोडायचेच, तिला बोलावायचे कशाला? परंतु दहा वेळा येऊन दहा वेळा मोकळे सुटल्यावर तिच्या मनातली गाठ सैल झाली. येणे म्हणजे अडकणे नव्हे, हे तिला पटले.

एक अडचण पुस्तकी सल्ल्यामुळे आली. कुत्र्याला बोलावताना खाली वाकावे, हात पसरावेत, असे सांगितले जाते. मी वाकले आणि तांबी सोफ्यामागे पळाली. नंतर कळले. आपल्या रस्त्यांवर माणूस वाकतो तो दगड उचलण्यासाठी. वाकलेला माणूस पाहून पळणे, हा गल्लीतल्या कुत्र्यांचा पहिला धडा असतो. म्हणून मी हाक घालण्यापूर्वीच जमिनीवर बसू लागले, तेही तिच्याकडे थेट तोंड न करता, जरा तिरकी. वाकण्याची भीती जायला दोन महिने लागले.

कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरील कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांचे दोन निष्कर्ष मला तेव्हा धीर देणारे वाटले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात, अनोळखी माणूस वारंवार खाऊ देतो की डोक्यावरून हात फिरवतो, यांपैकी कशामुळे भटक्या कुत्र्यांचा विश्वास अधिक वाढतो, हे तपासले होते. पारडे मायेच्या हाताकडे झुकले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात माणूस दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवत असे. बरीच कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतील बहुतेकांनी बोट दाखवलेलेच भांडे निवडले. कोणाकडूनही शिक्षण न घेतलेली ही कुत्री माणसाची खूण वाचतात. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे' ही म्हण शेपटापुरती खरी असेल. मीही त्यानंतर दर तीन-चार हाकांनंतर तुकड्याच्या जोडीला तांबीच्या कानामागे खाजवू लागले. खाच असलेल्या कानाला हात लावू द्यायला तिने सर्वांत अधिक दिवस घेतले.

घरात जमले म्हणजे अंगणात जमेल, असे नसते. जागा बदलली की कुत्र्याला शब्द जवळजवळ नव्याने शिकावा लागतो. अंगणात वास असतात, खारी असतात, पलीकडे शेजारच्यांचे मांजर असते. तिथे तांबी माझ्याकडे ढुंकूनही पाहीना. म्हणून आम्ही तीस फूट लांबीचा सुती दोर आणला. तो गळपट्ट्याला न बांधता छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला बांधायचा. धावता धावता दोर ताणला, तर गळ्याला इजा होऊ नये. दोराचा वेढा आपल्या हाताला किंवा बोटांना कधीही घालू नये. माझ्या यजमानांनी घातला होता. मधले बोट आठवडाभर सुजलेले होते. दोर ओढून कुत्र्याला आणणे हे त्याचे काम नाही. ते पळून जाऊ नये, एवढ्यासाठीच तो असतो. यायचे ते तिने स्वतःच.

अंतर वाढवले त्या दिवशी आम्ही गडबडीची जागा टाळत असू, आणि गडबडीच्या जागी गेलो की अंतर पुन्हा दोन पावलांवर आणत असू. दोन्ही अडचणी एकदम वाढवल्या, तर हाक फसते, आणि फसलेली प्रत्येक हाक शब्दाची किंमत कमी करते. यावरून आमच्यात वाद होत. यजमानांना प्रगती दाखवण्याची हौस. ते चौथ्याच दिवशी मैदानात जाऊन पाच-सहा वेळा 'जेवायला, जेवायला' असे ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या वेळा बोलावल्यावर पाहुणासुद्धा येत नाही." माझेही मत तसेच झाले आहे. हाक एकदाच घालावी. ओ मिळाली नाही, तर आपणच शांतपणे जवळ जावे, तुकडा नाकाशी धरून तिला सोबत आणावे आणि पुढच्या वेळी सोपे काहीतरी मागावे.

नामदेवांची कथा तुम्हांला ठाऊक असेल. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भूतमात्रांत परमेश्वर पाहणाऱ्या संताची ती करुणा वंदनीय आहे. पण कुत्र्याच्या बाजूने पाहिले, तर मागून माणूस धावत येत होता! आम्ही सामान्य माणसे. आम्ही उलट दिशेने धावायला शिकलो. कुत्रे निसटले की त्याच्यापासून दूर, घराच्या दिशेने, हसत-ओरडत पळावे. पाठलाग करणाऱ्यापासून पळणारे कुत्रे, पळणाऱ्याचा पाठलाग करायलाही तितकेच उत्सुक असते.

आणि उशिरा आले तरी रागवू नये. हे लिहायला सोपे आहे. एका संध्याकाळी दोर सुटला आणि ती वीस मिनिटांनी, गटारीत लोळून, आनंदात परत आली. माझा हात उगारला गेला होता. तो तसाच खाली आणून मी डबी उघडली. कुत्रे शेवटच्या कृतीशी फळ जोडते; त्या वेळी मारले असते, तर ती 'पळाले म्हणून मार बसला' असे शिकली नसती, 'परत आले म्हणून मार बसला' असे शिकली असती. आंघोळ घालायचीच होती. त्यासाठी मी अर्धा तास थांबले आणि मग तिला न बोलावता, स्वतः जाऊन घेऊन आले.

दिवाळीत आम्ही शिकवणी पूर्ण बंद ठेवली. फटाक्याच्या एका आवाजात शिकलेले सगळे उडून जाते. अशा दिवसांत चांगले शिकलेले कुत्रेही मोकळे सोडू नये. दारे-खिडक्या लावून ती सासूबाईंच्या खाटेखाली राहिली. पाडव्यानंतर आठ दिवसांनी आम्ही पुन्हा दोन पावलांपासून आरंभ केला, आणि यावेळी दोन पावलांवरून तीस फुटांपर्यंत जायला आठवडाही लागला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गॅसचा सिलिंडर देणाऱ्याने फाटक उघडे ठेवले. मी ओट्यावर तीळ निवडत होते. शेजारचे मांजर भिंतीवरून रस्त्यात उडी मारून पळाले आणि त्याच्यामागे तांबी. दोर नव्हता, हार्नेस नव्हता. ती पहिली गल्ली ओलांडून गेली होती. मी धावले नाही. सूर शक्य तितका सासूबाईंसारखा काढला, "जेवायलाऽऽ!"

ती थांबली. मान वळवून माझ्याकडे पाहिले, मग मांजर गेले होते त्या बाजूला पाहिले. तिच्या अंगाचा पुढचा अर्धा भाग एकीकडे आणि मागचा दुसरीकडे, अशी ती क्षणभर उभी होती. मग कान मागे पाडून ती सरळ माझ्याकडे धावत सुटली. पायांशी येऊन बसली, तेव्हा माझ्या लक्षात आले की हातात तिळांखेरीज काही नाही. मी गळपट्टा धरून तिला आत नेले, फाटक लावले आणि मुलीच्या डब्यासाठी उकडून ठेवलेली दोन्ही अंडी तिच्यापुढे ठेवली. मुलीने त्या दिवशी डब्यात चटणी-पोळी नेली आणि तक्रार केली नाही.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट, वृत्तांत; अनर्थ – मोठे संकट; पत – विश्वासार्हता; बोथट – धार गेलेला; चतकोर – चौथा भाग; ढुंकूनही न पाहणे – जराही लक्ष न देणे; पारडे झुकणे – एखाद्या बाजूचे महत्त्व अधिक ठरणे.

स्वाध्याय

१. 'बारा दिवसांत आम्ही "ये" हा शब्द "हाड"च्या शेजारी नेऊन बसवला होता.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

२. 'जेवायला' या शब्दासाठी घरातील माणसांनी स्वतःच्या बोलण्यात कोणता बदल केला? तो का करावा लागला?

३. उशिरा परत आलेल्या तांबीला लेखिकेने मारले नाही. लेखिकेच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? प्रामाणिकपणे लिहा.

४. पुढील वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा : हाकेला ओ देणे, हाकेच्या अंतरावर असणे, हाडहाड करणे.

५. उपक्रम : तुमच्या परिसरात कुत्रा, मांजर, गाय, कोंबड्या यांना बोलावण्यासाठी आणि हाकलण्यासाठी कोणते शब्द किंवा आवाज वापरतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर शेजाऱ्यांच्या भाषेतील असे शब्दही मिळवा आणि त्यांतले कोणते मराठीशी जुळतात, ते पाहा.